सात नंबरच्या खाटेचे अठरा श्वास

तिला आम्ही घड्याळ म्हणायचो. नर्सिंगच्या चार वर्षांत तिला खऱ्या नावानं हाक मारली असेल तर ती फक्त हजेरी घेणाऱ्या बाईंनी. कारण साधं होतं. रुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असा नियम, आणि आख्ख्या वर्गात ते मिनिट हिचं एकटीचंच पुरं व्हायचं. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायची नाही, म्हणजे रुग्णाला वाटावं अजून नाडीच चाललीय. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस मुद्दाम शहाण्यासारखा श्वास घेतो. आम्ही बाकीच्या छातीकडे एक नजर टाकायचो आणि लिहायचो, अठरा. धडधाकट माणसाचे तेवढेच असतात, लिहायला काय जातं!

"अगं बये, तो जिवंत आहे हे दिसतंय ना? मग चल पुढे," मी तिला चिडवायचे.

"थांब, वीस सेकंद राहिलेत," ती म्हणायची. जागची हलायची नाही.

तिचा गणवेश कायम ढगळ. आई कपडे शिवायची. पोरगी वाढेल म्हणून तिनं पहिल्याच वर्षी दोन बोटं सैल शिवला. पोरगी काही वाढली नाही. त्या ढगळ बाह्या सावरत ती खाटेशी उभी राहायची आणि आम्ही खिदळायचो. आता आठवलं की स्वतःचीच थोबाडं रंगवावीशी वाटतात.

आमच्या शिक्षणात परीक्षेपेक्षा वहीचा धाक मोठा होता. वॉर्डात इतके तास, इतकी इंजेक्शनं, इतकी ड्रेसिंग, आणि प्रत्येकापुढे वॉर्डच्या मोठ्या सिस्टरची सही. तास कमी पडले तर परीक्षेला बसू देत नसत. तिसऱ्या वर्षाला मात्र एक संधी असायची. वर्गातल्या एकीला मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात सहा महिने प्रशिक्षणाला पाठवायचे. ते झालं की पुढचं शिक्षण, मग शिकवण्याची नोकरी, सगळं सरळ होतं. अटी दोनच. गुणांत पहिली हवी, आणि वहीत एकही लाल शेरा नको. गुणांत घड्याळ पहिली होती. मी दुसरी, दीड गुणानं.

त्या दिवशी दुपारचे चार वाजत आले तरी घड्याळ जेवली नव्हती. एका आजींचं अंग पुसण्यात तिची दुपार गेली. मी म्हटलं, "तुझे चार बेड मी बघते, तू डबा खाऊन ये." खरंच मायेनं म्हटलं होतं, हे मला अजून सांगावंसं वाटतं, बघा. मी चारही खाटांपाशी गेले, ताप बघितला, नाडी बघितली. सात नंबरला एक निवृत्त पोस्टमन होते. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत, असं मी ठरवलं आणि लिहिलं अठरा. ज्याचे बेड त्याची सही असा नियम होता, म्हणून घड्याळनं येऊन चारही तक्त्यांवर सही केली. माझ्या भरवशावर.

साडेचारला तिला चैन पडेना. ती सात नंबरपाशी गेली, मनगट धरलं, आणि मिनिट पुरं व्हायच्या आतच ओरडली, "सिस्टर, चौतीस!" डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला, पोस्टमनकाकांना अतिदक्षता विभागात हलवलं. तीन आठवड्यांनी ते आपल्या पायांनी घरी गेले. त्यांचं काही वाईट झालं नाही ना, असं म्हणत मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली.

मोठ्या सिस्टरांनी तक्ता उचलला. "चारला अठरा आणि साडेचारला चौतीस? अर्ध्या तासात? हे अठरा कोणी मोजले?"

मी तिच्या मागेच उभी होते, हातात थर्मामीटरचा ट्रे. घड्याळनं मागे वळून पाहिलं नाही.

"सही माझी आहे, सिस्टर," ती म्हणाली.

खोटं एका अक्षराचंही नव्हतं. मी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. तिच्या वहीत लाल शेरा पडला, वर चाळीस तास पुन्हा भरायची शिक्षा. प्रशिक्षणाला मी गेले. निघताना तिनं माझी बॅग बसपर्यंत उचलून आणली, आणि मी तिला आणू दिली.

त्याला आता बावीस वर्षं झाली. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. पोरी मला वाघीण म्हणतात, मला माहीत आहे. घड्याळ एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डची सिस्टर आहे, आणि यंदा आमच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरी तिच्याच वॉर्डात कामाला आल्या. त्यांच्या वह्यांवर सही तिची.

परवा मी तपासणीला गेले, तर एका मुलीच्या आठ तक्त्यांवर ओळीनं अठरा, अठरा, अठरा. माझं डोकंच फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर मी तिला फैलावर घेतलं. "लाज नाही वाटत? माणसाच्या जिवाशी खेळतेस? तुझ्या वहीत लाल शेरा मारते, बस घरी एक वर्ष!" मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. मी नाकानं कांदे सोलत होते आणि घड्याळ शेजारी उभी राहून ऐकत होती.

"जाऊ दे गं," ती हळूच म्हणाली. "लहान आहे. आपणही केलंय."

आपणही! तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. त्या "आपण"मध्ये मी एकटी पडू नये म्हणून ती स्वतः येऊन उभी राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाल पेन हातातच राहिलं.

"आपण नाही. मी," मी म्हटलं. पोरींकडे वळले.  "सात नंबरच्या खाटेवर एकदा मी न मोजता अठरा लिहिले होते. शिक्षा ह्या सिस्टरांना झाली. जी जागा ह्यांची होती, ती घेऊन मी तुमची मॅडम झालेय."

 वाटलं, आता तरी ही चिडेल, दोन शब्द सुनावेल. मला ते हवेच होते.

"तू सांगशील असं वाटलं होतं," घड्याळ म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वाट पाहिली. मग तो आठवडाभर. मग तू बसमध्ये चढलीस तेव्हाही, खिडकीतून सांगशील म्हणून थांबले होते." तिनं बाही सावरली. "त्यानंतर नाही पाहिली."

मग तिनं त्या रडणाऱ्या मुलीचे डोळे पुसले, तिला पहिल्या खाटेपाशी नेलं, रुग्णाचं मनगट तिच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. आठही खाटांचं पुन्हा मोजायचं होतं. मी दाराशी उभी राहिले. मला कोणी बस म्हटलं नाही.