हॉलंडवाल्यांचं तारण

वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामेच होते. त्यामुळे तळमजल्यावर ‘ॲडव्होकेट’ अशी पाटी लागली, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ती थांबून वाचली. पाटीमागे होती एक तरुण मुलगी. मराठवाड्यातल्या खेड्यातून शिकत शिकत मुंबईच्या लॉ कॉलेजपर्यंत पोचलेली, आणि आता रोज एसटीनं ठाण्याच्या कोर्टात जाणारी. आम्ही तिला वकीलताई म्हणायचो. तिच्याकडे अजून फारशी कामं नव्हती. संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला यायची आणि कोर्टातल्या मोठ्या वकिलांच्या नकला करून दाखवायची. आपल्याला कधी वकील लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या ह्यांचा पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. एक शेड, चार लेथ आणि पितळी व्हॉल्व्ह. लग्नानंतर काही वर्षं मी दादरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. वाशीला आलो, शाळा सुटली आणि कारखान्याचा इंग्रजी पत्रव्यवहार आपसूक माझ्या गळ्यात पडला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडची एक कंपनी आमचे व्हॉल्व्ह घेऊ लागली. ते स्वतःचे पंप आखाती देशांत विकायचे आणि त्यांना आमचे व्हॉल्व्ह लावायचे. पहिला माल बोटीवर चढला त्या दिवशी ह्यांनी आजूबाजूच्या सगळ्या शेडमध्ये पेढे वाटले. ज्यांच्याशी पाण्याच्या टँकरवरून भांडण होतं, त्यांनासुद्धा.

वर्ष-दीड वर्ष छान गेलं. मग एक दिवस कोर्टाचा बेलिफ शेडमध्ये येऊन समन्स देऊन गेला. हॉलंडच्या कंपनीनं ठाण्याच्या कोर्टात आमच्यावर दावा लावला होता. व्हॉल्व्ह गळतात, गिऱ्हाइकांनी पंप परत केले, नुकसानभरपाई द्या.

ह्यांनी कागद माझ्यापुढे टाकला. “डिफेक्टिव्ह लिहिलंय. माझा माल डिफेक्टिव्ह?”

“अहो, दाव्यात असंच लिहितात,” मी म्हटलं.

“त्यांचा एकसुद्धा माणूस इथे येऊन बघून गेला नाही. आणि डिफेक्टिव्ह!”

भरपाईच्या आकड्याकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. मी मात्र बघितलं होतं. कारखाना विकूनही भागलं नसतं. मी कागद उचलला आणि थेट तळमजला गाठला. हेही मागोमाग उतरले.

वकीलताईनं कागद दोनदा वाचला. मग तिनं विचारलं, “ह्या कंपनीचं भारतात काय हाय का? जमीन, ऑफिस, गोडाऊन?”

“काही नाही. मुंबईतला एक एजंट होता, तोही गेला.”

तिचा चेहरा खुलला. “मग आधी सिक्युरिटी मागू.”

“सिक्युरिटी कशाला? आमच्याकडे वॉचमन आहे,” हे म्हणाले. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला.

मग तिनं नीट समजावलं. दावा लावणारा परदेशी, इथं त्याची घरदार-जमीन काही नाही. उद्या तो हरला आणि कोर्टानं त्याला आमचा खर्च द्यायला सांगितलं, तर वसूल कुठून करणार? म्हणून कायद्यात सोय आहे. कोर्ट त्याला सांगतं, आधी प्रतिवादीच्या खर्चापुरतं तारण इथं ठेव, मग दावा चालव. जिंकलास तर तुझं तुला परत.

“पन तुमच्यावर दावा करायला ते इथं का आले, तिकडंच का न्हाई केला?” ह्यांचा फोरमन कागद न्यायला आला होता, त्यानं विचारलं. तो बोनकोड्याचा, आगरी.

“तिकडचा निकाल घेऊन इथं सरळ वसुली होत नाही. म्हणून इथंच दावा करायलेत,” ताई म्हणाली. “इथं आलेत तर इथल्या रीतीनं.”

ठाण्याच्या कोर्टात मी पहिल्यांदाच गेले. कंपनीनं फोर्टमधला मोठा वकील दिला होता. त्याच्याबरोबर फायली उचलायला दोन ज्युनिअर. आमची ताई एकटी, आणि तिचा कोट तिला खांद्यावर जरा मोठाच होत होता.

“माझी अशील कंपनी युरोपात नावाजलेली आहे,” मोठा वकील म्हणाला. “ती कुठे पळून जाणार आहे, अशी शंका घेणं हाच अपमान आहे.”

ताई उठली. “कंपनी नावाजलेली आहे हे आम्हाला मान्य आहे, साहेब. पळून जाईल असं आम्ही म्हणतच नाही. ती इथे आलेलीच नाही.”

न्यायाधीशांनी मान खाली घालून हसू लपवलं. आणि हुकूम दिला : ठरलेल्या मुदतीत तारण भरा.

ते काही त्यांनी भरलं नाही. पुढे कळलं की हॉलंडमधल्या साहेबांना तारण म्हणजे दंड वाटला. दावा सुनावणीला यायच्या आधीच आपल्याला दोषी ठरवलं, असा त्यांनी ग्रह करून घेतला. इकडचा वकील टेलेक्स करतोय, तिकडचे रागावून बसलेत. मुदत गेली. कोर्टानं दावा काढून टाकला.

बिल्डिंगमध्ये आनंदीआनंद झाला. वकीलताई एकदम मोठी झाली. सोसायटीच्या सेक्रेटरीनं तिला स्वतःहून नमस्कार केला. मी श्रीखंड केलं. पानावर बसले, पण हे काही जेवेनात.

“जिंकलो ना आपण?” मी विचारलं.

“कशात जिंकलो? व्हॉल्व्ह चांगले आहेत असं कोर्ट म्हणालं का? त्यांनी पैसे भरले नाहीत, एवढंच म्हणालं. माझ्या मालाबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही.”

वाटीतलं श्रीखंड तसंच राहिलं. मला राग आला होता, पण ते बोलत होते ते चूक आहे असं काही मला म्हणता येईना.

थोड्याच दिवसांत कंपनीला शहाणपण सुचलं. तारण भरतो, दावा पुन्हा चालू करा, असा त्यांचा अर्ज आला. ताई कंबर कसून तयार. हा अर्ज मी उभाच राहू देत नाही, म्हणाली. हे शांतपणे म्हणाले, “विरोध करायचा नाही.”

“काय?”

“ना हरकत द्या. पण अट घाला. त्यांचा इंजिनिअर पावण्याला येईल, माझ्यासमोर व्हॉल्व्ह तपासेल.”

“दादा, पाया पडते तुमच्या. माझी पहिली मोठी केस हाय. जिंकलेली! आणि तुम्ही ती स्वतःच्या हातानं परत द्यायलात?”

“ताई, केस तुमची, पण व्हॉल्व्ह माझे आहेत.”

ती उठून गेली. मग बरेच दिवस चहाला आलीच नाही. जिन्यात दिसली की पिशवीतल्या भाज्या बघत निघून जायची. मी दोघांच्या मध्ये. एकाला वाटे बायको वकिलाच्या बाजूची, दुसरीला वाटे वहिनी नवऱ्याच्या बाजूची. खरं सांगायचं तर मी नुसती घाबरलेली होते. पण तिनं ना हरकत दिली, अटीसकट, आणि अगदी नीट मसुदा करून दिली.

हॉलंडहून इंजिनिअर आला तो उंचच उंच, नाक उन्हानं लाल झालेला. शेडच्या दाराला त्याचं डोकं आपटलं आणि सगळ्यांचं टेन्शन तिथंच अर्धं उतरलं. दोन्ही वकील खुर्च्यांवर बसले. परत आलेल्या मालातल्या एका न उघडलेल्या पेटीतले व्हॉल्व्ह पाण्याच्या पाइपला एकेक करून बसवले. फोरमननं पाणी सोडायच्या आधी इंजिनिअरकडे बघून म्हटलं, “बग रं बाबा, थेंब दिसतोय का.”

दिसला नाही. इंजिनिअरनं स्वतःचा पांढरा रुमाल प्रत्येक सांध्यावरून फिरवला. कोरडा. ह्यांची मान ताठ झाली. फोर्टचा वकील घड्याळ बघू लागला.

मग इंजिनिअर हळू इंग्रजीत म्हणाला, “आमची काही गिऱ्हाइकं ह्या पंपांनी डिझेलही खेचतात.”

ताईनं ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. हे गप्प बसले नाहीत. “मग डिझेलमध्ये ठेवून बघू,” म्हणाले.

व्हॉल्व्ह डिझेलमध्ये बुडवून ठेवले. दुपारी आमच्याकडेच जेवण, सारसोळ्याहून आणलेली कोळंबी आणि तांदळाची भाकरी. तिखटानं इंजिनिअरच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह पुन्हा बसवले. ह्या वेळी गळले. ह्यांनी एक उघडला, आतली रबराची रिंग फुगून वेडीवाकडी झाली होती.

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“हे रबर पाण्याचं आहे,” हे म्हणाले. “डिझेलचं वेगळं येतं.”

“डिझेलचं आम्ही तुम्हाला कधी सांगितलं नाही,” इंजिनिअर म्हणाला. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

“आणि मी कधी विचारलं नाही,” हे म्हणाले. आता आमच्या वकिलाचीही तीच गत.

दोघे मात्र एकमेकांकडे बघून हसले, आणि त्या फुगलेल्या रिंगवर डोकी घालून बसले. वकिलांकडे परत कोणी लक्षच दिलं नाही.

तडजोड झाली. दावा मागे, ज्याचा त्याचा खर्च ज्यानं त्यानं सोसायचा, तारण हॉलंडला परत. ह्यांची अट एकच होती, आणि ताईनं ती तडजोडीत घालून घेतली : पाण्यासाठी वापरले असता व्हॉल्व्हमध्ये कोणताही दोष आढळला नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. हे हात जोडून उभे होते.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “ज्या खर्चासाठी मी एवढी भांडले, तो तुम्ही सोडूनच दिलात, दादा.” पण हसत होती. फोर्टचा वकील मागून आला आणि तिला म्हणाला, “मसुदा चांगला होता. माझ्याकडे एक काम आहे, या एकदा.” ती माझ्याकडे बघू लागली. मीच तिच्या वतीनं “येईल” म्हणून टाकलं.

आम्ही तिघं पनवेलच्या एसटीत बसलो. ठाणे-बेलापूर रस्ता तेव्हा रिकामा असायचा, दोन्ही बाजूंना कारखान्यांची धुरांडी आणि मध्येच खाडीचा तुकडा. गाडी सुटल्या सुटल्या हे खिडकीला डोकं टेकून झोपले. किती महिन्यांनी ते असे गाढ झोपलेले मी बघत होते. उतरायचा थांबा आला. मी त्यांना हलवायला हात पुढे केला, तर ताईनं तो धरला.

“झोपू द्या,” ती म्हणाली आणि कंडक्टरला हाक मारली, “तीन तिकिटं बेलापूरपर्यंत वाढवा.”

थांबा मागे गेला. आम्ही दोघींनी शेंगदाण्याची पुडी उघडली.