टॉर्चमध्ये फॉल्ट नाही

चार माणसं दर रविवारी जमून एकच बिनकामाचं काम करत असली की किस्से साचतातच. कोणी मुद्दाम साठवत नाही. आमचे तर इतके साचलेत की लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक आधीच हात जोडतात, "ते वेल्डिंगचं सोडून काहीही बोला!" मला दुसरं सुचत नाही, त्याला मी काय करू? पण हल्ली सांगायला बसले की त्या किश्शांत हसण्यासारखं थोडं आणि गप्प होण्यासारखं जास्त निघतं.

आधी माणसं सांगते. नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी भाऊ राहतात, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या घरामागचं टिनाचं शेड हा आमचा अड्डा. सुमनवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. साड्यांना फॉल-पिको करून देण्यात त्यांची उभी हयात गेली. गजानन हा भाऊंचा मावसभाऊ. कुहीला धानाची शेती करतो आणि रविवारी सकाळच्या बसने हजर होतो. आणि मी, मंदा. एका सरकारी कचेरीत टेबलावर बसते. माझी जीभ तिखट आहे असं हे तिघंही म्हणतात. मला तसं वाटत नाही.

*

रिटायर झाल्यावर लोक हार्मोनियम घेतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरतात. भाऊंनी टिग वेल्डिंगचं मशीन आणलं! हौशी लोकांसाठी मिळतं तसं, छोट्या सुटकेसएवढं.

टिग हे नाजूक काम. एका हातात टॉर्च, म्हणजे पुढे टोकदार सुई असलेली मूठ. त्या सुईच्या टोकाशी विजेचा आर्क पेटतो आणि लोखंड वितळतं. दुसऱ्या हातात बारीक तार. वितळलेल्या थेंबात ती अलगद टेकवत पुढे सरकायचं. हात स्थिर हवा, बाकी सगळं शिकता येतं.

मशीनसोबत जो टॉर्च आला तो मात्र कोणीतरी सूड उगवायला बनवला असावा. मूठ जाडजूड. मागची केबल इतकी कडक, की हात पुढे नेला की ती मागे ओढायची. शेवटी गजाननने छताच्या अँगलला साखळी बांधली आणि केबल वर टांगली. काम फार सोपं झालं. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर साखळीपासून मशीनपर्यंत ताणलेल्या केबलवर भाऊंचे बनियान वाळत होते!

"वहिनी, हे वेल्डिंगचं हाय जी!" गजानन ओरडला.

"माहीत आहे मले," वहिनी म्हणाल्या. "पण ताणली चांगली आहे तुम्ही."

*

त्या टॉर्चच्या मुठीवर बटण होतं. दाबलं की आर्क पेटायचा, सोडलं की विझायचा. मागच्या हिवाळ्यात भाऊंचा आर्क मधेच विझायला लागला. पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. वेल्ड म्हणजे नुसते फोड आणि खड्डे.

"टॉर्चच भिकार आहे," भाऊ म्हणाले.

"भिकारच हाय," गजानन म्हणाला. त्याने बटण उघडून साफ केलं, तार नव्याने जोडली. मी मुठीला दोन शिव्या घातल्या. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनीही मान हलवली. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या टॉर्चचा उद्धार केला, आणि चहा घेताना भाऊंची कपबशी किणकिण वाजत होती तिकडे कोणी पाहिलं नाही. ऐकू सगळ्यांनाच येत होतं.

मग कधीतरी वहिनी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्या रविवारी आम्ही शेडमध्ये वाट बघत बसलो होतो. भाऊ आले, स्टुलावर बसले, हातमोजा उचलला आणि परत ठेवला.

"डॉक्टर म्हणते," ते म्हणाले, "टॉर्चमध्ये फॉल्ट नाही."

माझी तिखट जीभ कुठे गेली होती कोण जाणे. थरथर उजव्या हातात आहे, ती वाढत जाणार, पुढे चालण्यावरही येणार, गोळ्यांनी काही वर्षं सांभाळता येईल. हे सगळं त्यांनी बँकेत नियम समजावून सांगावा तसं सांगितलं. मी घरी जाऊन रडले.

*

पुढच्या वेळी शेडमध्ये स्टेनलेसचे पाइप येऊन पडले होते. भाऊंना रेलिंग करायची होती. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत, भिंतीला लागून.

"रेडिमेड मिळते ना भाऊ," मी म्हटलं.

"मिळते. मले माहीत आहे."

"मंग?"

"मंग काय वं? हात आहे तोवर माझी मी करीन. धरायची तर मलेच आहे ना?"

ठरलं एवढंच, की टॉर्च बदलायचा. हलका, लहान डोक्याचा, मऊ केबलचा. थरथरत्या हातावर केबलचं ओझं तरी नको. हे काम गजाननने अंगावर घेतलं.

आता मशीनला टॉर्च जोडायला एक भोक असतं, त्यात टॉर्चची पितळी पिन बसते. पिना दोन मापांच्या येतात, जाड आणि बारीक. शहाणा माणूस पट्टी लावील, नाहीतर फोटो काढून नेईल. गजाननने अंगणातल्या कडुनिंबाची काडी तोडली, भोकात घट्ट बसेपर्यंत चाकूने तासत आणली आणि खिशात घालून इतवारीच्या बाजारात गेला. कुहीत पाइपाची मापं अशीच नेतात म्हणे!

टॉर्च घेऊन आला तर पिन भोकात टाळ्या वाजवतेय, इतकी सैल! गजाननने खिशातून काडी काढली. काडी पिनेशी बरोब्बर जुळत होती. मग खिसा उलटा केला, तर आतून काडीची साल पडली! मे महिन्याच्या उन्हात बसमध्ये काडी वाळली आणि सालीतून सुटली होती. दुकानदाराच्या हातात पडली ती नुसती आतली काडी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ हसायला लागले. डॉक्टरकडून आल्यापासून पहिल्यांदाच हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"काहून हसता जी?" गजानन वैतागला.

"काही नाही गा. तुहं माप बरोबर होतं. कपडे काढून घेतलं, बस!"

बदली करायला मीच गेले. दुकानदाराने कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्याने आतल्या माणसाला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं!

*

नवा टॉर्च भाऊंनी हातात घेतला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "अरे, हे तं पेन आहे!" ते म्हणाले. टॉर्चची मान हवी तशी वळायची, केबल खांद्यावरून ओढणीसारखी पडायची. पण त्याला बटण नव्हतं. बटण पेलणारं बोट राहिलं नाही म्हणून मुद्दाम बिनबटणाचा घेतला होता. आर्क पेटवायला खाली पेडल. पाय दाबला तितका करंट.

भाऊंनी करून पाहिलं. हाताकडे लक्ष दिलं की पाय सुटायचा, पाय दाबला की हात उडायचा. "मी हात सांभाळू का पाय?" ते चिडून म्हणाले.

वहिनी आतून स्टूल घेऊन आल्या. "सरका," म्हणाल्या आणि पेडलपाशी बसल्या. जन्मभर पायाखाली शिलाई मशीनच होतं. आम्ही त्यांना काळ्या काचेचं हेल्मेट घातलं. भाऊंनी टॉर्च धरला, वहिनींनी पाय दिला, आणि पाइपला हे एवढं भोक पडलं!

"हे काय पिकोची मोटर आहे का वं?"

"मंग सांगत जा ना. मले का तुमच्या मनातलं दिसते?"

तेव्हापासून भाऊ बोलत वेल्डिंग करायला लागले. "दे... दे... हळू... राहू दे तेवढाच... दे... बस, बस, सोड!" रविवारी सकाळी हा आवाज गल्लीत जायचा. समोरच्या घरातल्या आजोबांनी महिनाभर ऐकलं आणि शेवटी न राहवून मला विचारलं, "तुमच्या भाऊनं नवीन गाडी घेतली काय? दर रविवारी रिव्हर्स घेऊन राहिले, पण गाडी काही दिसत नाही!"

पुढे पुढे भाऊंचं बोलणं कमी झालं. "दे"सुद्धा म्हणेनात. वहिनींचा पाय आपोआप खालीवर व्हायचा. मी विचारलं, "वहिनी, कसं समजते तुम्हाले?"

"त्यायचा श्वास ऐकू येते," वहिनी म्हणाल्या. "थांबला की करंट द्यायचा."

*

सगळं असं गोडीगुलाबीत चाललं होतं असं समजू नका. एका रविवारी भाऊंचा हात ऐकतच नव्हता. मनगट डब्यावर टेकवलं, खाली उशी ठेवली, कोपर गुडघ्यावर रोवलं. सुई सारखी वितळलेल्या लोखंडात बुडत होती. बुडली की ती काढून पुन्हा घासून टोक काढावं लागतं. ते काम माझं. मी घासून देत होते, भाऊ बुडवत होते.

मग त्यांनी हेल्मेट वर केलं.

"गजानन, जुना टॉर्च लाव."

"काहून जी? हा चांगला हाय ना."

"म्हणूनच. लाव."

मला समजलं. जुन्या टॉर्चला शिव्या देता येत होत्या. या नव्यात खोट काढायला काही नव्हतंच. वहिनी पेडलवरून उठल्या आणि भाऊंकडे पाठ करून दारात उभ्या राहिल्या. गजाननने जुना टॉर्च जोडला.

भाऊंनी त्या बटणाच्या टॉर्चने एक सांधा केला. केला म्हणजे काय, पाइप भाजला. ठिणग्या, फोड, आणि केबलला झटका बसून सुई पार वाकडी. त्यांनी तो सांधा नव्या टॉर्चने केलेल्या सांध्याशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हीवरून अंगठा फिरवत राहिले.

मग स्वतःच्या हाताने, वेळ लागला तरी कोणाला हात लावू न देता, त्यांनी जुना टॉर्च काढला आणि नवा बसवला.

"अर्धी खोट त्याचीच होती," ते म्हणाले. "उरलेली अर्धी माझी आहे. तेवढी मी पाहतो. बस वं सुमन, पाय दे."

*

रेलिंग पूर्ण झाली. सगळे सांधे भाऊंचे. एक-दोन जागी माळेतले मणी लहानमोठे झाल्यासारखे दिसतात, बाकी कोणालाही दाखवावेत असे. गजाननने भिंतीला भोकं पाडून ती पक्की बसवली आणि स्वतः तिला लोंबकळून पाहिलं. भिंत हलली नाही.

भाऊंनी पाहिली. फडक्याने पुसली. पण धरली नाही.

बाथरूमला जायचं झालं की ते पलीकडच्या बाजूने जात. कपाटाला हात लावत, टेबलाला हात लावत, मधे खुर्चीच्या पाठीचा आधार घेत. एकदा खुर्ची सरकली आणि तोल गेला, तो वहिनींनी धावत येऊन सावरला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटाच्याच बाजूने. रविवारी आम्ही त्या खोलीत चहा घेत बसायचो आणि ती रेलिंग भिंतीवर चकचकत असायची. मला राग यायचा. इतका जीव काढून केली ती कशासाठी?

शेवटी गजानन म्हणालाच, "भाऊ, एकदा धरून तं पाहा."

"मले अजून गरज नाही," भाऊ म्हणाले. आवाज असा, की गजाननने कप खाली ठेवला.

तेवढ्यात वहिनी बाथरूममधून हात धुऊन बाहेर आल्या. दारातच त्यांनी डावा हात रेलिंगवर ठेवला आणि हळूहळू, एकेका सांध्यावरून हात नेत, पलंगापर्यंत चालत आल्या. वहिनींचे पाय ठणठणीत आहेत. अजूनही भाजी आणायला पायीच जातात.

भाऊ घाबरले. "काहून वं? पाय दुखून राहिला का?"

"नाही."

"चक्कर आली?"

"नाही जी."

"मंग धरून काहून चालून राहिली?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "हात रिकामा होता."

आणि त्या वळल्या, रेलिंग धरून पुन्हा बाथरूमकडे चालायला लागल्या. भाऊ उठले, उजवा हात रेलिंगवर ठेवला आणि त्यांच्या मागे निघाले.