धारूरकर सरांचा निळा मासा

अनंतराव धारूरकर यांनी बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. समुद्र मात्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही चपला हातात धरून. निवृत्तीनंतर त्यांनी चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. बायको, मीनाक्षीताई, अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायच्या. माशाला मात्र गाळलेलं, मीठ मोजून घातलेलं पाणी मिळायचं.

मासा देखणा होता. गर्द निळा, अंगावर पांढरी गोल कडी. सरांनी बघताक्षणी ओळखला. "बटरफ्लाय फिश. पूर्ण वाढलेला नर!" येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी हे ऐकावं लागे.

घरकामाला मुकुंदवाडीहून सरूबाई यायच्या. टाकीची काच त्याच पुसत, त्यामुळे माशाकडे बघणं त्यांच्याच वाट्याला आलं. सरांचा वेळ माहिती सांगण्यात जाई.

"सर, ह्यो घाबरला की कपारीत घुसून टकटक आवाज करतो," त्या एकदा म्हणाल्या.

"मासे मुके असतात, सरूबाई."

"व्हय का," म्हणत त्यांनी फडकं पिळलं.

पुढच्या वर्षी सर आणि मीनाक्षीताई मुलाकडे अमेरिकेला गेले. घराची चावी आणि मासा सरूबाईंवर सोपवला. सहा महिन्यांनी परत येऊन बघतात तर टाकीत पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला मासा!

"माझा मासा कुठंय?" सर कडाडले. "कुणाला विकलात?"

सरूबाईंचा चेहरा लाल झाला. "मासा कुणी बदलला नाय सर. मासाच बदललाय."

त्यांनी मोबाइल पुढे केला. लेकीला दाखवायला त्यांनी दर आठवड्याला फोटो काढले होते. फोटोगणिक कडी तुटत गेली होती, पिवळ्या रेघा उमटत गेल्या होत्या. शेपटीला पडलेली खाच मात्र प्रत्येक फोटोत तीच.

मीनाक्षीताईंनी ते फोटो माशांच्या दुकानात नेले. दुकानदार, कडूबा, हसला. "एम्परर एंजलफिश हाय हा. पिल्लू असतं तेव्हा निळा, मोठा झाला की असा. अन् घाबरला की टकटक करतोच. फोटो काढले कुणी? लई बारीक नजर हाय."

सरांनी सरूबाईंची माफी मागितली नाही. फोटो मात्र मागून घेतले आणि ज्येष्ठ नागरिक संघात 'माझी दीर्घ निरीक्षणे' या विषयावर तासभर बोलले. टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात कडूबानं सरूबाईंना दुकानात कामाला बोलावलं. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा मीनाक्षीताईंनी त्यांची साडी-चोळीनं ओटी भरली.

सर वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "मग टाकी कोण धुणार?"