रबर कुणाच्या हातचं

माझ्या थोरल्या जावेला रबर कळतं. हे मी गेली नऊ वर्षं सांगत फिरतेय आणि समोरचा माणूस दर वेळी हसतो. हसा की. कुणाला म्हैस कळते, कुणाला सोनं कळतं, कुणाला ऊस बघून उतारा सांगता येतो, त्याला कुणी हसत नाही. रबर कळतं म्हटलं, आणि तेही एका बाईला, की लगेच दात दिसतात.

तिचं नाव अंबूबाई. घरात आम्ही आक्का म्हणतो. गडमुडशिंगीत एकाच अंगणात आम्हा दोघींची घरं. हंबीरराव हे तिचे मालक, म्हणजे माझे थोरले भावजी. त्यांचा धाकटा भाऊ माझ्या गळ्यात. मी अंगणवाडी सेविका. तीस पोरं सांभाळून माझा आवाज कायमचा चढलाय, त्यामुळं मी साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं. आता जे सांगतेय ते मात्र खरोखरच भांडण आहे.

आक्का एकवीस वर्षं उद्यमनगरातल्या एका रबराच्या कारखान्यात कामाला होती. साच्यातून निघालेल्या नळीला, वायसरला कडेनं पातळ झालर राहते, ती कात्रीनं काढायची. दिवसाला हजार-बाराशे नग. कारखान्यातले साहेब रबर किती कडक झालंय ते घड्याळासारखं एक यंत्र लावून मोजायचे. आक्का नुसता अंगठा दाबून सांगायची, "ह्यो माल जादा भाजलाय." साहेब यंत्र लावून बघायचे आणि गप्प बसायचे. एकवीस वर्षांत एकानंही तिला शाबास म्हटलं नाही. माझा राग तिथपासूनचा आहे.

पुढं कारखाना बंद पडला. त्याच सुमाराला तिचे गुडघे धरले म्हणून ती पिशवीत गंधपुऱ्याच्या तेलाची बाटली ठेवायची. एकदा बाटली सांडली. पिशवीच्या तळाला एक जुना, खडखडीत वाळलेला वायसर पडला होता, तो दोन दिवस त्या तेलात भिजला. मी असते तर नाक मुरडून उकिरड्यावर फेकला असता. आक्कानं दाबून बघितला. मऊ पडला होता. मग ही बाई पेटलीच. नुसतं तेल घालून बघितलं, थिनर मिसळून बघितलं, कधी रबर विरघळलं, कधी तसंच दगड राहिलं. सहा महिन्यांनी प्रमाण बसलं. एक वाटी तेल, तीन वाट्या थिनर, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा गोठ्यामागं, चुलीपासून लांब, सावलीत. रोज उघडून बघायचं. तेव्हापासून आमच्या अंगणाला पाय मुरगळलेल्या माणसासारखा वास येतो.

कोल्हापुरात जुन्या मोटरसायकलींचं वेड किती आहे ते मी सांगायला नको. आज्ज्याची जावा, बापाची राजदूत, मामाची बुलेट, पोरं जिवापाड जपतात. लोखंडाला रंग देता येतो, निकल चढवता येतं. रबराचं काय करणार? मुठी, पायदान, टाकीला गुडघ्यापाशी लागणारे पॅड, सगळं वाळून लाकूड होतं. नवं मिळतं ते नीट बसत नाही, आणि त्यावर जुनी अक्षरं नसतात. शौकीन माणसाचा जीव त्या अक्षरांत.

आक्काची परीक्षा एकच. अंगठ्याचं नख दाबायचं. खूण हळूहळू बुजली तर रबर झोपलंय, उठवता येतं. कडेला चीर गेली तर मेलंय, परत न्या. ब्रेकचं रबर तर ती हातातच घेत नाही. "त्यावर माणसाचा जीव हाय, त्ये नवंच घाला," म्हणते.

पहिल्यांदा तिनं भावजींच्या राजदूतच्या मुठी मऊ केल्या. भावजी गाडी घेऊन उद्यमनगरात गेले, तिथल्या मेकॅनिकनं मूठ दाबली आणि विचारलं, "कुणी केलं हो ह्ये?"

भावजी म्हणाले, "आमीच की."

आता हे 'आमी' बघा. आमच्याकडं बाप्या माणूस एकटा जेवला तरी आम्ही जेवलो म्हणतो. ऐकणाऱ्याला कसं कळावं की ह्या आमीत भावजी नाहीतच? गाडीवरून डबे पोचवायचे आणि माल आणायचा, एवढंच त्यांचं काम. पण लोकांना तोंड त्यांचं दिसायचं. वर्षभरात ते 'हंबीरराव रबरवाले' झाले. दोन वर्षांत मिस्त्री झाले. कुणी दारात आला तर आक्का त्याला चहा द्यायची, आणि तो चहा पिऊन भावजींना विचारायचा, थिनर कुठलं वापरता? भावजी सांगायचे, "त्ये आमचं गुपित हाय." गुपितच होतं. त्यांनाही माहीत नव्हतं!

गेल्या माघात जुन्या गाड्यांच्या मंडळाची पत्रिका आली. 'रबर मिस्त्री श्री. हंबीरराव यांचा जाहीर सत्कार. सपत्नीक यावे.' सपत्नीक! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पत्रिका घेऊन मी तशीच आक्काकडं गेले. ती बसून पायदानाचं रबर घासत होती.

"आक्का, तुमाला काईच वाटत न्हाई?"

"शाल मला नको गं," ती म्हणाली. "शाल घिऊन काय गोठ्यात जाऊ? एकदा त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं, ही करती. चार माणसांत. बास."

एवढंच मागणं. मी भावजींना जाऊन सांगितलंसुद्धा. "म्हणतो की, त्यात काय," म्हणाले.

सत्काराला मीही गेले. रविवारी सकाळी, कोल्हापुरात एका हॉलमध्ये. बाहेर चाळीस-पन्नास गाड्या पुसून उभ्या. मंडळाचे अध्यक्ष अमरसिंह माईकवर. त्यांनी भावजींना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, 'हाताला जादू असलेला माणूस' म्हणाले. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. हात सवयीनं चालतात.

मग भावजी बोलायला उभे राहिले. मी आक्काचा हात धरला. भावजींनी मंडळाचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, जोतिबाचे मानले आणि म्हणाले, "आमी आपलं जमंल तसं करतो." आणि बसले. बसले हो!

तेवढ्यात कागलचा राजवीर म्हणून एक तरुण शौकीन स्टेजवर चढला. त्याच्या आज्ज्याच्या जावाचे टाकीचे दोन रबरी पॅड त्याच्या हातात. येत्या रविवारी गाड्यांची फेरी आहे, तोवर होतील का, असं त्यानं विचारलं. भावजींनी दोन्ही पॅड ऐटीत दाबले आणि माईकवर सांगितलं, "चार दिसांत देतो."

आक्का खुर्चीतनं उठली. ती आजवर चार माणसांत बोललेली मी ऐकली नव्हती. पण खोटं आश्वासन तिला सोसलं नाही. ती सरळ स्टेजपाशी गेली, पॅड मागून घेतले आणि नख लावलं.

"चार दिसांत न्हाई हुणार," ती म्हणाली. "धा दिस लागतील. आन् त्येबी एकाला. ह्ये दुसरं मेलंय."

मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना. आणि अमरसिंह हसून काय म्हणाले ऐका. "बघा मंडळी! मिस्त्रींच्या सहवासात राहून वहिनीसुद्धा किती तयार झाल्यात!"

टाळ्या! पुन्हा टाळ्या! मी तिथंच ओरडले, "अवो, तीच करती!" पण माईक त्यांच्याकडं. माझा अंगणवाडीचा आवाज टाळ्यांत बुडाला. वर अध्यक्षांच्या घरच्या बाई ताट घेऊन आल्या आणि आक्काची ओटी भरली. भावजींना कामाबद्दल शाल, आणि काम करणारीला मिस्त्रींची बायको म्हणून खण-नारळ. भावजी फेट्याचा तुरा सावरत होते. खाली बघून सावरत होते, म्हणजे कळत होतं त्यांना सगळं.

राजवीरनं मिस्त्रींचा चार दिवसांचा शब्दच खरा धरला आणि दोन्ही पॅड आमच्याकडं दिले. घरी आल्यावर आक्कानं ते भावजींच्या पुढ्यात ठेवले. "करा."

"अगं, तसं तोंडातनं गेलं..."

"मग आता हातानं करा. आमी करतो म्हणालासा न्हवं?"

भावजी हट्टाला पेटले. वीस वेळा बघितलंय, त्यात काय अवघड, म्हणाले. दुप्पट तेल ओतलं. लवकर व्हावं म्हणून डबा पत्र्यावर उन्हात नेऊन ठेवला. डबा उन्हात! आणि तीन दिवस झाकण उघडलं नाही. आक्का दोनदा उंबऱ्यापर्यंत आली आणि माघारी गेली. मी म्हटलं, "जाऊ दे की, बघा एकदा." तिनं नकाराची मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. नवऱ्यासाठी असेल असं कुणाला वाटेल. ते त्या रबरासाठी होतं, मला पक्कं माहीत आहे.

गुरुवारी सकाळी राजवीर आला. भावजींनी डबा उघडला. पॅड पुरीसारखे फुगले होते. अक्षरं पसरली होती. एक तर हातात घेताच मधोमध फाटला. राजवीर नुसता ते तुकडे जोडून बघत राहिला. त्याच्या आज्ज्याचे गुडघे पन्नास वर्षं त्यावर टेकले असतील.

आणि भावजी म्हणाले, "काय सांगू पावणं. हिच्या हातनं बिगडलं. बायकांचं ध्यान ऱ्हातंय व्हय?"

माझ्या हातात शेणाची पाटी होती. ती त्यांच्या डोक्यात घालायची राहिली ती केवळ राजवीर मधे उभा होता म्हणून. मी तोंड उघडणार एवढ्यात आक्का बाहेर आली. हाताला भाकरीचं पीठ.

"काय म्हणालासा? परत म्हणा."

भावजी डब्याचं झाकण लावायला लागले.

"म्हणा की! हिच्या हातनं. नऊ वर्सं मी ह्येच ऐकायला बसलोय. नऊ वर्सं चांगलं झालं त्ये आमी केलं, आन् आज बिगडलं तवा ही आठवली?"

राजवीर एकदा तिच्याकडं, एकदा भावजींकडं बघत होता. भावजी आता काय म्हणणार? हिनं बिघडवलं नाही म्हणावं, तर स्वतः बिघडवलं. हिनंच बिघडवलं म्हणावं, तर काम हिचं.

"पावणं, ह्ये बिगडवलंय त्यांनी," आक्का म्हणाली. "पर तुमच्या मंडळाच्या गाड्यांचं आजवर जे मऊ झालं, त्ये समदं ह्या हातांनी. मी करतो. मी एकटीच करतो." तिनं पीठ पदराला पुसलं आणि न फाटलेल्या पॅडला नख लावलं. खूण हळूहळू बुजली. "ह्ये जगंल. सावलीत वाळू दे पंधरा दिस. फेरीला न्हाई मिळणार. दुसऱ्याची आशा सोडा."

राजवीर चांगला पोरगा. तो ओशाळला. सत्कारात सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या, असं म्हणाला. "वाजवल्यासा, मी बघितल्या," मी म्हटलं. त्याला गोड कशाला बोलू? मग त्यानं खिशातनं मोबाईल काढला. "आक्का, माझ्याकडं हंबीरराव मिस्त्री म्हणून हाय. आता नाव तुमचं घालतो."

"अंबूबाई घाला. फुडं मिस्त्री लावा."

"आन् नंबर?"

नंबर तर भावजींचाच होता. नऊ वर्षांतली सगळी गिऱ्हाइकं, कोल्हापूर, कागल, सांगली, निपाणी, सगळी त्या एका फोनवर. आक्काकडं स्वतःचा फोनच नव्हता.

आक्कानं भावजींपुढं हात पसरला. "द्या हिकडं."

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतासा? द्या की!"

त्यांनी खिशातनं फोन काढला आणि तिच्या पिठाच्या हातावर ठेवला.