एका ‘छान आहे’ची तीन घरं

“पाणी चोवीस तास येतं साहेब. माणसं तेवढी यायची आहेत अजून.”

एजंट हे पप्पांच्या कानाशी अगदी हळू म्हणाला, पण त्या बिल्डिंगमध्ये हळू बोलण्याचा काही उपयोग नव्हता. वाक्य जिन्यातून वर गेलं, चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एक चक्कर मारून खाली आलं आणि आम्हा सगळ्यांना दुसऱ्यांदा ऐकू आलं.

“शांतता बघ किती आहे!” मामा आईला म्हणाला. “मनूसाठी एकदम परफेक्ट.”

मनू म्हणजे मी. मी तिथेच, मामाच्या डाव्या हाताला उभी होते. पण माझ्याविषयी घरात कायम असंच बोललं जायचं, जणू मी शेजारच्या गावात आहे.

नव्वदीची मधली वर्षं होती. मला बेलापूरच्या एका ऑफिसात पहिली नोकरी लागली होती आणि मी नव्या मुंबईत कुठे राहायचं हे ठरवायला आम्ही साताऱ्याहून जीप करून आलो होतो. पप्पा, आई आणि वाटेत कळंबोलीला येऊन मिळालेला डोंबिवलीचा वसंतमामा. (मामाला डोंबिवलीत अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे मुंबई, नवी मुंबई आणि समुद्रात आणखी भराव टाकून पुढे जी काही मुंबई होईल, ती सगळी त्याच्या अखत्यारीत येत होती.)

जागा पारखायची प्रत्येकाची रीत वेगळी. पप्पा पाणीपुरवठा खात्यात. त्यांनी साताऱ्याहून स्वतःची बादली आणली होती! कुठल्याही घरात शिरले की नमस्कार-चमत्कार सोडून ते थेट मोरीत जायचे, नळ सोडायचे आणि घड्याळ बघत उभे राहायचे. आई घरात शिरायच्या आधी खाली उभी राहून गॅलरीतल्या दोऱ्या बघायची. “पायपुसणी धुऊन वाळत घालतात. माणसं चांगली दिसतात,” असा तिचा निकाल. आणि मामा फक्त भविष्य बघायचा. “आज नको बघू ताई. दहा वर्षांनी बघ. तिकडे एअरपोर्ट येणार, इकडे स्टेशन येणार!” मला तिथे येत्या पंधरा दिवसांत राहायला यायचं होतं, ही बारीकशी अडचण त्याच्या लक्षात येत नव्हती.

मामाचं खारघर झालं. मग नेरूळ. तिथे पप्पांची बादली अडीच मिनिटांत भरली आणि पप्पांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की माझ्या बारावीच्या निकालालाही ते पसरलं नव्हतं. मग वाशी. तिथे एका निवृत्त शिक्षिकेच्या गॅलरीत सहा पायपुसणी उंचीनुसार वाळत होती. आई भारावून गेली.

तिन्ही ठिकाणी मला विचारलं गेलं, “काय गं, कसं वाटतंय?”

तिन्ही ठिकाणी मी म्हणाले, “छान आहे.”

यात माझा दोष थोडा आणि माझ्या कॉन्व्हेंट शाळेचा जास्त. कुणाच्या घरी गेलं की आधी काहीतरी चांगलं बोलावं, असं सिस्टरांनी पहिलीपासून शिकवलं होतं. नंतर काय बोलायचं ते त्या शिकवणारच असतील, पण मी दहावी होऊन बाहेर पडले. शिवाय माझं प्रत्येक वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार व्हायचं, मग त्याचं मराठी व्हायचं, मग ते बरोबर आहे का हे मी तपासायचे, आणि तोवर मंडळी पुढच्या विषयावर गेलेली असायची. ‘छान आहे’ तेवढं तयार मिळायचं.

खरी गोष्ट अशी, की तिन्हीपैकी एकही जागा मला आवडली नव्हती. मी कमी बोलते, म्हणून मला शांतता आवडते असा सगळ्यांचा पक्का समज. उलट आहे हो! बडबडी माणसं शांत जागी स्वतःशी तरी बोलतात. माझ्यासारखीला आजूबाजूला दुसऱ्यांचे आवाज लागतात, नाहीतर आपण आहोत की नाही तेच कळत नाही.

परतताना ड्रायव्हरचा रस्ता चुकला आणि जीप तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटच्या मागच्या गल्लीत दोन ट्रकांमध्ये अडकली. अर्धा तास पुढे नाही, मागे नाही. पाठीवर पोती घेतलेले हमाल, हॉर्न, कांद्याचा वास, कुणाची तरी भांडणं, कुणाचा तरी रेडिओ. आईने नाकाला पदर लावला. पप्पांनी काच वर केली. एका दारातून पन्नाशीच्या बाई तांब्या घेऊन आल्या आणि सरळ माझ्या खिडकीवर टकटक केली.

“पानी पी, पोरी. कुटल्या गावच्या?”

“सातारा,” मी म्हणाले.

“आगं, मग आपलीच की! आमी जावळीतलं. मालक हितं मार्केटात हायती. खोली बघाया आलाव व्हय? माझी वरची रिकामी हाय. शेजारच्या खोलीत नर्सिंगच्या दोन पोरी ऱ्हात्यात कराडच्या. ये बघायला!”

दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याविषयी, आणि तेही प्रत्यक्ष मला, काही विचारत होतं. मी इंग्रजीत उत्तर तयार करायला घेतलं. ट्रक हलला. जीप निघाली.

“सातारा सोडून इतक्या लांब यायचं,” पप्पा म्हणाले, “आणि पुन्हा सातारकरांच्याच गल्लीत राहायचं?”

सगळे हसले. मी मागच्या काचेतून बघत राहिले. बाई तांब्या हलवून निरोप देत होत्या.

आता पुढचं कारस्थान ऐका. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पप्पांनी मला अंगणात गाठलं. “नेरूळच ना गं? पाण्याला प्रेशर काय होतं! पण आईला आत्ता बोलू नकोस. तिच्या मनात वाशी भरलीय. सामान उतरलं की सांगू.” मी मान डोलावली. संध्याकाळी आई भाजी निवडताना म्हणाली, “वाशीच्या बाईंना मी कळवते हं. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस, त्यांचं ते नळाचं वेड. मी बघते.” मी म्हणाले, “छान आहे.” आठवड्याने शेजारच्या लेलेकाकूंकडे मामाचा फोन आला. (आमच्याकडे फोन नव्हता. आळीतल्या सगळ्या बातम्या आधी लेलेकाकूंना कळायच्या आणि मग ज्याच्या त्याला.) “मनू, खारघर फायनल! चावी घेतलीय मी. ताईला बोलू नकोस, सरप्राइज देऊ!”

गुपित ठेवायला माझ्याइतकी सुरक्षित जागा अख्ख्या घरात नव्हती. तिघांनी तीन गुपितं माझ्यात ठेवली आणि निर्धास्त झाले.

तुम्ही म्हणाल, तोंड उघडायला काय झालं होतं? मीही रोज रात्री हेच म्हणत होते.

जायच्या दिवशी पप्पा टेम्पोबरोबर पहाटेच पुढे गेले. आईने टेम्पोवाल्याला गुपचूप वाशीच्या पत्त्याची चिठ्ठी दिली होती. पण पप्पा त्याच्या शेजारीच बसले होते, त्यामुळे त्या चिठ्ठीचं काय झालं असेल ते सांगायला नको. आई आणि मी एसटीने निघालो. आईच्या मांडीवर दुधाची किटली. नव्या घरात दूध उतू घातल्याशिवाय राहायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आणि ते दूध साताऱ्याच्या आमच्या गवळ्याचंच हवं, हा आईचा. “पिशवीतलं दूध उतू जातं, पण लाभत नाही,” ती म्हणाली.

प्रवासात सांगून टाकायचं मी ठरवलं. शिरवळला वाक्य इंग्रजीत तयार झालं. खंडाळ्याच्या घाटात त्याचं मराठी झालं. पनवेलला मी तोंड उघडलं.

“उलटी होतेय का?” म्हणत आईने माझ्या तोंडात आवळासुपारी कोंबली.

खारघर गेलं. तिथे मामा चावी फिरवत उभा असणार. नेरूळ गेलं. तिथे पप्पा माझ्याच गादीवर बसले असणार. मी आवळासुपारी चघळत दोन्ही ठिकाणांकडे खिडकीतून बघितलं.

वाशीला बाईंच्या घरी पोचलो. खोली तयार, सामान नाही. आईने कोपऱ्यावरच्या फोनबूथवरून लेलेकाकूंना फोन लावला. काचेतून मला आईचा चेहरा दिसत होता. तो आधी प्रश्नार्थक झाला, मग पांढरा, मग लाल.

बाहेर येऊन ती म्हणाली, “सामान नेरूळला उतरलंय! आणि वसंता खारघरला कुलूप उघडून बसलाय! तुला काही बोलले होते का हे लोक?”

मी मान डोलावली. पण ती उभी डोलावली की आडवी, ते मलाच कळलं नाही.

“त्या दोघांना धरून आणते. तू इथेच थांब. दूध सांभाळ!”

आई नेरूळला गेली. तेवढ्यात पप्पांनी काकूंना फोन केला, आम्ही वाशीला आहोत हे त्यांना कळलं, ते वाशीला निघाले. मामाने फोन केला, सामान नेरूळला आहे हे त्याला कळलं, तो नेरूळला निघाला. आई नेरूळला पोचली तर तिथे माणूस नाही, फक्त सामान आणि बादली! तिने पुन्हा काकूंना फोन केला. त्यांना मामाचा आधीचा ठावठिकाणा तेवढा आठवत होता, म्हणून ती खारघरला गेली. साताऱ्यात बसून लेलेकाकू अख्ख्या नव्या मुंबईची वाहतूक चालवत होत्या, आणि त्यांनी पाठवलेला एकही माणूस दुसऱ्याला भेटत नव्हता.

हे सगळं मला नंतर कळलं. मी वाशीला, त्या फोनबूथशेजारच्या बसस्टॉपच्या बाकावर होते. (‘इथेच थांब’ म्हणजे बाईंच्या घरात थांब, असं आईला म्हणायचं होतं. मी अक्षरशः तिथेच थांबले! पप्पा बाईंचं दार वाजवून, मी नाही म्हणून मागच्या रस्त्याने परत गेले.)

दोन तास. समोरून माणसं जात होती, रविवारची, सगळी कुणाबरोबर तरी. एक मुलगी आईशी चपलांवरून भांडत होती आणि मला तिचा हेवा वाटला. किती सहज भांडत होती! त्या दोन तासांत माझ्याशी एकच माणूस बोलला. “जरा सरका,” तो म्हणाला. मी सरकले. माझा दिवसभरातला तो सगळ्यात मोठा संवाद. या शहरात मी हरवले, तर माझं वर्णन करायला कुणालाच जमणार नाही, असं माझ्या मनात आलं. फार तर किटलीचं करतील.

किटली गरम व्हायला लागली होती. दूध फाटलं तर आई मला कुठल्याच घरात घेणार नाही, तिन्हीपैकी! मग मी एक धाडस केलं. या शहरात मला माझ्या गावाचं नाव विचारणारं एकच माणूस होतं. मी रिक्षा थांबवली आणि म्हणाले, “तुर्भे. कांदा-बटाटा मार्केट. मागची गल्ली.” क्रियापद नव्हतं, पण रिक्षावाल्याला चाललं.

“आगं बया, साताऱ्याची पोरगी!” पारूमावशींनी (नाव मला तेव्हा कळलं) मला ओळखलं. “एकलीच? आन् हातात काय? दूध? आन हिकडं, फाटंल की!”

त्यांनी दूध स्टोव्हवर चढवलं आणि बोलायला लागल्या. नोकरी कुठं, पगार वेळेवर देतात का, भात खाते की भाकरी, एवढी वाळलेली का. प्रत्येक प्रश्नानंतर त्या खरोखर थांबत होत्या! मी उत्तरं देत होते, आधी अडखळत, मग न तपासता. बोलण्याच्या नादात दोघींचं लक्ष गेलं नाही आणि दूध भसकन उतू गेलं. चांगलं पातेलंभर.

मी ओट्याकडे बघतच राहिले. मावशी फडकं शोधत होत्या.

त्यांच्या मालकांनी समोरच्या दुकानातून मला लेलेकाकूंना फोन लावून दिला. संध्याकाळ व्हायच्या आत तीन दिशांनी तीन रिक्षा गल्लीत शिरल्या आणि एका धडधडत्या ट्रकमागे अडकल्या. तिघं उतरली आणि रस्त्यातच जुंपली.

“नेरूळला प्रेशर बघायचं होतं जरा!”

“तुमच्या प्रेशरने माझं वाढलंय!”

“ताई, टेन्शन नको घेऊ, खारघरचं भविष्य...”

मावशी मध्ये पडल्या. “आवो, दूध तर हितं उतू गेलं. आता ऱ्हाऊ द्या की पोरीला माझ्याकडं.”

आईने वर बघितलं. गॅलरीत कराडच्या मुलींचे पांढरे युनिफॉर्म वाळत होते. ती विरघळेल असं मला क्षणभर वाटलं.

“दूध काय, नेरूळला पुन्हा उकळू,” पप्पा म्हणाले. “पण हा कलकलाट! मनूला शांतता लागते. चल गं, सामान तिकडेच आहे.” आणि त्यांनी रिकामी किटली उचलली.

म्हणजे आता अर्ध्या तासात मी नेरूळला असणार होते. बंद दाराच्या, भरलेल्या बादलीच्या घरात. रोज संध्याकाळी.

मी बोलले. ट्रक धडधडत होता.

“काय?” पप्पांनी कानाला हात लावला.

मी पुन्हा बोलले. ट्रकवाल्याने वर हॉर्नही दिला.

“काय म्हणतेय ती?” आईने विचारलं.

“छान आहे म्हणत असेल,” मामा म्हणाला.

मग मात्र मी बावीस वर्षांचा साठलेला श्वास एकदम छातीत भरला, डोळे मिटले, आणि ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला नेमका तोच क्षण सापडला. हॉर्न थांबला. रेडिओवरचं गाणंही नेमकं संपलं. पोती घेतलेले चाळीसेक हमाल, चहावाला, कराडच्या दोन मुली, तीन रिक्षावाले आणि माझं सगळं खानदान, अशा त्या टाचणी पडली तरी ऐकू येईल इतक्या शांत गल्लीत मी बेंबीच्या देठापासून ओरडले,

“मला शांतता अजिबात आवडत नाही!”