टेलरचाचांचा पंखा

आजही कुणाच्या घरी गेले की माझी पहिली नजर वर जाते, पंखा आहे का बघायला. लोकांना वाटतं मला उकडतंय. खरं तर मला भीती वाटते, आणि त्या भीतीला आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे.

नव्वदीतली गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि एका सरकारी पाहणीत तात्पुरती माणसं घेत होते, त्यात लागले होते. गावोगाव घरोघर फिरून कोण गरीब, कोण नाही, याचे फॉर्म भरायचे. यादीत नाव आलं की पिवळं कार्ड, आणि कार्डावर स्वस्तातला गहू-तांदूळ. फॉर्मच्या सुरुवातीलाच चार वस्तू छापलेल्या होत्या: पंखा, टीव्ही, मोटारसायकल, ट्रॅक्टर. यातल्या एकीपुढे जरी 'आहे' पडलं तरी नाव बाद. शेवटचा प्रश्न असायचा, घरखर्च भागून हातात काय उरतं?

पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी बोट नाचवून बजावलं होतं, "खाडाखोड चालणार नाही. खोटं लिहिलंत तर काम जाईलच, वर केस होईल." बरोबरची पोरं हसली. मी घरी जाऊन जेवले नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तो फॉर्मच्या रूपानं लागला.

आमचं घर वालचंदनगरच्या कॉलनीत. वडील कारखान्यात फिटर. पगार फार नव्हता, पण ठरल्या दिवशी यायचा. पाकीट आई आधी देवापुढे ठेवायची, मग किराणा, दूध, फी, आणि एवढं होऊनही चार पैसे तिच्या हातात राहायचे. त्यातूनच कधीतरी बाहेरच्या खोलीत पंखा आला होता. त्याच्याखाली झोपून मी कॉलेज संपवलं आणि पंखा ही श्रीमंती असते हे मला फॉर्म वाचल्यावर कळलं.

माझ्या वाट्याला दोन गावं आली होती, पणदरे आणि कऱ्हाटी. दोन्ही बारामती तालुक्यातली. पणदऱ्याला कालव्याचं पाणी, त्यामुळे ऊस आणि दूध. कऱ्हाटीकडे सगळा जिरायत मुलूख. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर नुसती ढेकळं. मी वालचंदनगरहून पहाटेच्या एसटीनं बारामतीला यायची आणि तिथून ज्या गावाची गाडी आधी लागेल त्या गावाला जायची. पणदऱ्याच्या गाडीत कंडक्टरला सुटे पैसे पटकन मिळायचे, एवढा फरक मला पहिल्या आठवड्यात कळला होता. बाकीचा पुढे कळला.

पणदऱ्यात एका स्लॅबच्या घरात शिरले. गोठ्यात सात-आठ जर्सी गाई, बाभळीखाली ताडपत्री घातलेला ट्रॅक्टर. घरातले कर्ते पुरुष, त्यांना सगळे आबा म्हणत, झोपाळ्यावर बसले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता. मी विचारलं, "आबा, ट्रॅक्टर आहे?"

"भावाचा हाय."

"पंखा?"

आबा उठले. भिंतीपाशी गेले, बटण बंद केलं आणि परत येऊन बसले. आम्ही दोघांनी मिळून तो पंखा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

"फिरतोय का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग लिवा, न्हाय म्हणून."

ते रागावले नव्हते, हसत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे म्हणाले, माझा भाचा तुमच्या साहेबांच्या उठण्याबसण्यातला हाय, तुमचं काम पुढं बी चालू राहावं असं सांगतो त्याला. मी चारही वस्तूंपुढे 'नाही' लिहिलं. हातात काय उरतं, या प्रश्नावर आबांनी दोन्ही हात झाडून दाखवले. "खत, मजुरी, औषधं... कशाचं उरतंय, बाई?" मग मला पेलाभर दूध दिलं. ते मी प्यायले. नाही म्हणण्याचीही हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात कऱ्हाटी. शेवटचा दिवस होता. संध्याकाळी साहेबांची जीप चावडीवर येऊन सगळे फॉर्म घेऊन जाणार होती. रस्त्यालाच एका मुसलमान टेलरचं दुकान होतं. त्यांना गावात चाचा म्हणायचे. मी येता-जाता त्यांच्याकडे पाणी प्यायची, पंख्याखाली दोन मिनिटं बसायची. त्या दिवशी चाचा घामानं निथळत मशीन चालवत होते आणि वर नुसता हूक लोंबत होता. मी काही विचारलं नाही. बिघडला असेल, एवढंच मनात आलं.

शेवटचं घर पत्र्याचं होतं. घरची मेंढरं कधीच विकली गेली होती. कर्ता पुरुष आता दुसऱ्याच्या शेतात मिळेल तेव्हा रोजगारानं जायचा. त्यांना मी तात्या म्हणायची, आधी एकदा घरं मोजायला आले तेव्हा ओळख झाली होती. दारात चपला दिसल्या म्हणून मी मागं वळणार, तेवढ्यात तात्या बाहेर आले. धुतलेलं धोतर, डोक्याला कडक टोपी.

"या की ताई, या. पाव्हणं आल्यात आमच्या पोरीला बघायला. तुमी बी या. काय इचारायचं ते त्यांच्या म्होरंच इचारा."

गरिबांची यादी करणारी बाई पाहुण्यांसमोर घरात घेणारा दुसरा माणूस मला त्या सगळ्या फिरतीत भेटला नाही. त्यांना वाटलं, सरकारी बाई वही घेऊन बसली, तिनं विचारलं आणि आपण छातीठोक सांगितलं, तर ते पाहुण्यांना जास्त खरं वाटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिच्यावर सरकारी शिक्का.

मी आत गेले आणि जागच्या जागी थिजले. घोंगडीवर तीन पाहुणे बसले होते आणि मधले होते पणदऱ्याचे आबा. त्यांनीही मला ओळखलं. पोह्यांचा घास त्यांच्या तोंडाशीच थांबला. त्यांच्या डोक्यावर, पत्र्याच्या खालच्या लाकडी वाशाला बांधलेला एक पंखा होता. पात्यांच्या कडांना रंगीबेरंगी सुताचे धागे चिकटले होते.

चाचांचा पंखा.

वीज गेलेली होती. त्या बंद पंख्याखाली सगळे घाम पुसत बसले होते. मी फिटरची मुलगी. तो दोरीनं बांधलाय, बोल्टनं नाही, हे मला एका नजरेत दिसलं. मुलगी चहा घेऊन आली. दहावी झालेली, उंच, शांत. कप ठेवताना तिनं एकदा पंख्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातातल्या पेनाकडे.

"इचारा ताई," तात्या म्हणाले.

मी फॉर्म मांडीवर घेतला. "पंखा आहे का?"

"दिसतोय की. लिवा, हाय म्हणून."

माझं पेन हलेना. एका अक्षरानं हे घर यादीतून जाणार होतं, पाहुण्यांपुढे ते तात्यांना सांगता येत नव्हतं, आणि तेवढ्यात वीज आली. पंखा कुरकुरला, झोके घेत फिरायला लागला. दोरी ताणली. आबांच्या बरोबरचा माणूस हळूच बाजूला सरकला. मुलीची आई पदर तोंडात धरून आतल्या दारात उभी होती. मला वाटलं आता हा कोसळणार. आबांच्या डोक्यात नाही पडला, तर या घराच्या अब्रूवर पडणार. देवाशपथ, त्या क्षणी मला रडू येत होतं.

मी लिहिलं, 'आहे'.

"आन् हातात काय उरतं, ते न्हाय इचारलं?" तात्यांनीच आठवण केली. मग पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "उरतंय की. भरपूर उरतंय. पोरीचं काय कमी पडू देणार न्हाय."

आबा खाली मान घालून चहा पीत होते. मीही मान वर केली नाही. तात्यांनी कागदावर अंगठा उठवला आणि मी तिथून निघाले.

एसटीच्या थांब्यावर बसले तोवर पाहुण्यांची जीप आली. आबा एकटेच उतरून माझ्यापाशी आले. आवाज अगदी मऊ.

"बाई, पोरगी चांगली हाय. आमाला पसंत हाय. पंखा कुणाचा हाय ते मला कळतंय. मी बी जिरायतातनंच पाणी धरून वर आलोय. त्याचं मला काय न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "माझा कागूद तुमी उकरू नका, मी ह्यांचा पंखा उकरत न्हाय. पोरीचं चांगलं हुतंय."

जीप गेली. तेरी भी चुप, मेरी भी चुप. मी उठले आणि तात्यांच्या घरी परत गेले, कारण माझ्या पिशवीत एक कोरा फॉर्म शिल्लक होता. त्यावर 'नाही' लिहायचं, तात्यांचा अंगठा घ्यायचा, जुना फाडायचा. साहेब येईपर्यंत अर्धा तास होता.

घरात चाचा स्टुलावर चढून दोरी सोडत होते. मुलगी खालून स्टूल धरून उभी होती. मी कोरा फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, "तात्या, तो पंखा तुमचा नाही. असंच राहिलं तर कार्ड जाईल. यावर अंगठा द्या."

तात्यांनी दोन्ही हात काखेत घातले. "ताई, यादी चावडीवर लागती. पणदऱ्याची मानसं येत्यात-जात्यात. गरिबाच्या यादीत आमचं नाव दिसलं, तर सोयरीक मोडंल. ऱ्हाऊ द्या."

"द्या की अंगठा," मुलगी एकदम म्हणाली. "मी जाईन तितं पाण्याच्या गावात. तुमी दोघं हितं काय खाणार?"

"गप बस," आई म्हणाली. पण म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलावं म्हणून.

आणि माझ्यापाशी बोलायला एक वाक्य होतं. आबांना सगळं ठाऊक आहे, तरी त्यांना पोरगी पसंत आहे. एवढंच. एवढं बोलले असते तर तात्यांचे हात काखेतून बाहेर आले असते. पण आबांनी ते मलाच का सांगितलं, असं कुणी विचारलं असतं, आणि मग आबांचं मला काय ठाऊक, हेही बाहेर आलं असतं. त्यांच्या घरचा बंद केलेला पंखा, माझं खोटं 'नाही', साहेबांच्या उठण्याबसण्यातला भाचा, केस. मला साहेबांच्या जीपचा हॉर्न ऐकू आला. मी कोरा फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. वाटेत माझी मलाच शिसारी आली, पण ते नंतर.

साहेबांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "छान. कुठं खाडाखोड नाही."

याद्या लागल्या. पणदऱ्यात आबांचं नाव होतं. कऱ्हाटीत तात्यांचं नव्हतं. कऱ्हाटीची यादी मी स्वतः जाऊन बघून आले, दुपारच्या उन्हात, कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून पदर घेऊन.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं मी बारामतीच्या स्टँडवर उभी होते. एव्हाना मला एका शाळेत नोकरी लागली होती. पाठीमागून कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. हिरव्या बांगड्या, अंगावर चांगलं लुगडं, पायाशी तोंड बांधलेलं पोतं. तात्यांची मुलगी होती. कऱ्हाटीच्या गाडीची वाट बघत होती.

"बरी आहेस?" मी विचारलं.

"झ्याक हाय. घरात तीन पंखं हायती." ती हसली नाही. मग म्हणाली, "मामंजींनी लग्नानंतर सांगितलं मला. पंखा चाचांचा व्हता ते त्यांना तवाच कळलं व्हतं. आन् म्हनले, त्या लिवणाऱ्या बाईला बी मी सांगितलं व्हतं."

मी नजर खाली, तिच्या पोत्याकडे वळवली. शिवणीतून गव्हाचे दोन दाणे बाहेर आले होते.

"मामंजींच्या कार्डावरचा हाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तितं कोण खातंय रेशनचा गहू, गाईंच्या आंबोणात जातोय. म्हैन्याला थोडा थोडा काढून ठेवते आन् माहेरी नेते. सासरी कुणाला ठावं न्हाय."

गाडी लागली. तिनं पोतं स्वतःच उचललं, मला हात लावू दिला नाही. खिडकीत बसल्यावर वाकून म्हणाली, "ताई, ह्ये कुठं लिवू नका बरं का."

"नाही लिहिणार," मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नसावा. गाडी सुटेपर्यंत ती माझ्या पर्सला अडकवलेल्या पेनाकडे बघत होती.