हातावरचे चिन्ह

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गल्लीतला, कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही. कायझर्सलाउटर्नमधल्या एका रेस्टॉरंटच्या मागच्या दाराला लागलेली आग मात्र त्या गर्दीत हरवलेली नाही.

माझे वडील अभियंता म्हणून पुण्याहून जर्मनीत आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. शिक्षण आणि नागरिकत्व इथलेच, आणि पुढे मी पोलिसात गेलो. घरात आईने मराठी सुटू दिली नाही. दोन हजारच्या दशकात मी गुन्हे शाखेत आगीच्या प्रकरणांचा तपास करत होतो. या हकिगतीतली माणसे आजही आपापल्या जागी नांदत आहेत, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

रेस्टॉरंट एका मराठी बाईंचे होते. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांचे यजमान गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता होते, आणि कंपनीतून आले की काउंटरवर उभे राहत. सुट्टीच्या दिवशी दुपारीही तेच गल्ला सांभाळत. खाली रेस्टॉरंट, वरच्या मजल्यावर घर. विद्यापीठातले विद्यार्थी आणि संशोधन संस्थांतले लोक जेवायला येत. मीही एकदोनदा जेवलो होतो. तपास हाती घेताना ते वरिष्ठांना सांगितले, तर ते म्हणाले की गावात जो तिथे जेवला नाही असा अधिकारी शोधायला वेळ नाही.

शहराबाहेर एका जुन्या वर्कशॉपमध्ये मोटारसायकलवाल्यांच्या एका क्लबचे ठाणे होते. पाठीवर क्लबचे चिन्ह शिवलेले बिनबाह्यांचे जाकीट हा त्यांचा गणवेश. त्याला इथे कुट्टे म्हणतात. एका वसंतात त्यांच्यातले चारपाच जण या रेस्टॉरंटमध्ये येऊ लागले. त्यांनी कोणाला त्रास दिला नाही, बिलावरून वाद घातला नाही. पण ते आले की मुलाबाळांची कुटुंबे उठून जात आणि बाहेरून डोकावणारे तसेच पुढे निघत. अशाच दुसऱ्या एका क्लबशी त्यांचे वैर आहे हे सगळ्या गावाला माहीत होते. आपल्या टेबलांमध्ये कधी मारामारी पेटेल या धास्तीने बाईंनी दारावर फलक लावला: क्लबची चिन्हे घालून आत येऊ नये.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा बाई स्वतः दारात उभ्या राहिल्या. जाकिटे काढून ठेवा, मग खुशाल बसा, असे त्यांनी सांगितले. क्लबवाल्यांनी नकार दिला आणि चक्क पोलिसांना फोन केला. त्या सुमारास समान वागणुकीचा नवा कायदा आला होता. त्याच्या आधारे आपल्याला जेवण नाकारता येत नाही, असा त्यांचा दावा होता. गस्तीवरच्या सहकाऱ्यांनी त्यांना नियम समजावून सांगितला. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व किंवा लैंगिक ओळख यांवरून ग्राहकाला परत पाठवता येत नाही. क्लबचे चिन्ह त्यात बसत नाही. जागा बाईंची, तिथे कोणाला घ्यायचे हे त्या ठरवतील. इथे त्याला हाउसरेख्ट म्हणतात, म्हणजे आपल्या जागेवरचा आपला अधिकार. सांगूनही कोणी आत थांबला तर तो गुन्हा होतो. चौघे निघाले. जाताना त्यांचा प्रमुख फलकाकडे पाहून म्हणाला, "आम्ही लक्षात ठेवू." आतल्या सगळ्यांनी ते ऐकले.

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी पहाटे रेस्टॉरंटच्या मागच्या अंगणातले कचऱ्याचे डबे पेटले. ते भिंतीला टेकलेले होते. आग स्वयंपाकघराच्या दाराला लागली आणि धूर जिन्याने वर गेला. नवराबायको खोकत खाली धावले. मागच्या खोलीत यजमानांच्या आई होत्या, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. त्यांचे दार धुराने भरले होते. अग्निशमन दलाने त्यांना खिडकीतून काढले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या.

मी पोहोचलो तोवर उजाडले होते. वितळलेल्या डब्याच्या तळाशी ग्रिल पेटवायच्या वड्यांचे अवशेष सापडले. आग लावलेली होती, यात शंका उरली नाही. बाई फुटपाथवर स्वेटर पांघरून बसल्या होत्या. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: फलक मी लावला, आणि आईंवर बेतलं.

दुपारी पोलीस ठाण्यात एका पुरुषाचा फोन आला. तो सार्वजनिक बूथवरून बोलत होता. ज्यांना हाकललं त्या क्लबवाल्यांना विचारा, असे म्हणून त्याने नाव न सांगता फोन ठेवला. खबर हवी तशीच होती. धमकी साक्षीदारांनी ऐकली होती, हेतू उघड होता. न्यायाधीशांनी क्लबच्या जागेच्या झडतीचा आदेश दिला. आम्ही दारे उघडली, कपाटे रिकामी केली, सात जणांना ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचे फोटोही आले. त्यांतल्या एकाला त्याच्या मालकाने त्याच आठवड्यात कामावरून काढले.

क्लबचा प्रमुख पन्नाशीचा होता, छपरे दुरुस्त करायचा धंदा करणारा. चौकशीला तो साध्या शर्टात, वकिलासह आला. माझा अनुभव असा की, ज्याने काही केलेले असते तो माणूस खुलासा करायला उत्सुक असतो, आणि ज्याने केलेले नसते तो बरेचदा नुसता चिडलेला असतो. हा चिडलेला होता. लक्षात ठेवू म्हणजे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "म्हणजे तिथे परत जायचं नाही. आमच्या वकिलानेही सांगितलं की ती बाई बरोबर आहे. मग काय, तिच्या दारात रडायचं?"

आगीच्या रात्री ते सगळे शेजारच्या राज्यात एका सदस्याच्या अंत्यविधीला गेले होते. पहाटे परतताना महामार्गावर पोलिसांनीच त्यांना थांबवून प्रत्येकाची ओळखपत्रे तपासली होती. आम्ही विचारणा केली, आणि तासाभरात तिथल्या सहकाऱ्यांनी दुजोरा दिला. आमचे सातही संशयित आमच्याच खात्याच्या साक्षीने सुटले.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला समोर बसवून ते संभाषण शब्दशः आठवायला सांगितले. तो म्हणाला की फारसे काही नव्हतेच. क्लबवाल्यांना विचारा म्हणाला, आणि मग ओमा कशी आहे, असे विचारले. आपण माहिती देऊ शकत नाही असे सांगितल्यावर त्याने फोन ठेवला.

ओमा म्हणजे आजी. रेडिओवर फक्त एक रहिवासी रुग्णालयात असल्याचे सांगितले होते. वर एक म्हातारी बाई राहते हे बाहेर कोणाला माहीत असणार? आणि खबर देणारा माणूस जखमीची चौकशी कशाला करेल? निनावी फोन करणाऱ्याला बहुधा आपले सांगून मोकळे व्हायचे असते. याला काहीतरी ऐकायचेही होते.

मी रुग्णालयात गेलो. आजी उशाला टेकून बसल्या होत्या. आवाज बसला होता, पण डोळे तरतरीत होते. मी नमस्कार करून मराठीत बोलू लागलो तेव्हा त्यांनी आधी माझे गाव विचारले, मग आईवडील कुठे असतात ते विचारले, आणि त्यानंतरच माझ्या प्रश्नांकडे वळल्या. खाली जेवायला येणाऱ्यांपैकी तुम्हाला कोण ओळखतं, असे मी विचारले.

"एक होता," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी दुपारी यायचा. धिप्पाड, केस पिकलेले. मी कोपऱ्यातल्या टेबलावर मेथी निवडत बसायची, तो शेजारच्या टेबलावर. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी. एकदा त्यानं जुडी ओढून घेतली आणि स्वतःच निवडायला लागला. देठंसुद्धा ठेवली मेल्यानं. मग मी त्याला शिकवलं."

"तो तुम्हाला काय म्हणायचा, काकू?"

"ओमा म्हणायचा."

अलीकडे तो आला होता का, असे मी विचारले. त्या सांगू लागल्या. महिन्याभरापूर्वी एका शनिवारी फार उकडत होते. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. हातावर मोठे गोंदण होते. त्यांचा मुलगा काउंटरवरून आला, त्या हाताकडे पाहिले, दारावरच्या फलकाकडे बोट केले आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलला. सगळे लोक वळून बघत होते. तो माणूस अर्धे ताट टाकून उठला. जाताना त्याने बाह्या खाली ओढून बटणे लावली.

"मी विचारलं मुलाला, का रे बाबा उठवलंस त्याला? तर म्हणाला, नियम आहे, आई."

निघताना त्यांनी माझा हात धरला. त्यांना सगळे समजले होते. "त्यानंच केलं असेल तर त्याला सांग, मी बरी आहे."

त्याच संध्याकाळी मी यजमानांचा जबाब घेतला. त्यांनी काही लपवले नाही. फलकावर ‘चिन्हे’ असे लिहिले आहे, मग ते जाकिटावर असो की हातावर, असे ते म्हणाले. एकाला सूट दिली तर उद्या दुसरा मागणार. कायदा माझ्या बाजूचा होता ना, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, होता. मग ही गोष्ट आम्हाला आधी का सांगितली नाही, असे मी विचारले. तर त्यांचे म्हणणे असे की पोलिसांनी धमक्यांविषयी विचारले होते आणि त्या माणसाने धमकी दिलीच नव्हती, तो निमूट गेला होता.

बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना हा प्रकार प्रथमच कळत होता. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात होत्या. "अहो, तो शनिवारचा?" एवढेच त्या म्हणाल्या.

माणूस शोधणे अवघड गेले नाही. क्लबच्या माजी सदस्यांची माहिती आमच्याकडे होती. आजींनी सांगितलेल्या वर्णनाचा एकच जण निघाला. काही वर्षांपूर्वी क्लबने त्याला काढून टाकले होते. तो एका टायरच्या गोदामात कामाला होता, एकटा राहत होता, आणि फोनचा तो बूथ त्याच्या बसथांब्याशेजारी होता. क्लबच्या प्रमुखाला मी त्याच्याविषयी विचारले तेव्हा तो इतकेच म्हणाला की तो आमचा नाही, आणि आमची माणसे दिसली तर तो रस्ता बदलतो.

आम्ही त्याला गोदामाच्या फाटकातून आणले. तो प्रतिकार न करता गाडीत बसला. चौकशीच्या खोलीत मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला, आणि मग एकाही प्रश्नाला उत्तर देईना. त्या रविवारी कुठे होता, फोन कोणी केला, वड्या कुठून घेतल्या. तो भिंतीकडे पाहत बसला. अशा माणसावर आवाज चढवून काही मिळत नाही. त्याने आयुष्यभर चढलेले आवाजच ऐकलेले असतात.

मी फाईल मिटली आणि सांगितले की मी रुग्णालयात ओमाला भेटलो. तिला तुम्ही मेथीची देठे ठेवलेली अजून आठवतात. उद्या तिला घरी सोडणार आहेत. तिने तुमच्यासाठी निरोप दिला आहे, की ती बरी आहे.

त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. शर्टाची बाही मागे सरकली आणि मला ते गोंदण दिसले. कोपरापासून मनगटापर्यंत. त्यावर काळ्या शाईने रेघा मारून ते बुजवायचा कोणीतरी कच्चा प्रयत्न केलेला होता.

मग तो सलग बोलला. क्लबमधून काढले तेव्हा त्यांनी चिन्ह बुजवायला सांगितले होते. त्याने स्वतःच सुरुवात केली, सूज आली, ताप आला, अर्धवट राहिले. तेव्हापासून तो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत वावरत असे. त्या रेस्टॉरंटमधला शनिवार हीच आठवड्यातली एक वेळ होती, जेव्हा त्याच्या शेजारी कोणी आपणहून बसत असे. डबे जळतील, काळी भिंत पाहून मालकाला धडकी भरेल, इतकेच त्याला हवे होते. ओमा मुलाबरोबर दुसरीकडे कुठेतरी राहते अशी त्याची समजूत होती. सकाळी रेडिओवर ‘रहिवासी’ हा शब्द ऐकला, वर ते कुटुंबच राहते हे त्याच्या लक्षात आले, आणि तो दुपारपर्यंत बूथभोवती फिरत राहिला. क्लबचे नाव घेतले, कारण लोक ते लगेच खरे मानतील हे त्याला ठाऊक होते.

"कुट्टे त्यांनी परत घेतली," तो म्हणाला. "हात कुणाला परत देऊ?"

मी ते वाक्य जबाबात जसेच्या तसे लिहिले.

खटला लांबला नाही. त्याने कबुली दिली होती, नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली होती. न्यायालयाने कारावासाची शिक्षा सुनावली आणि कडक अटींवर ती स्थगित ठेवली. क्लबमधल्या ज्याची नोकरी गेली होती, त्याची नोकरी परत आली नाही. आमच्या खात्याने दिलगिरीचे पत्र पाठवले.

खटल्यात बाईंची साक्ष झाली. आजी तोवर पुण्याला परतल्या होत्या. बचाव पक्षाच्या वकिलाने मोठ्या सौजन्याने विचारले, की माझ्या अशिलाला मनापासून पश्चात्ताप झाला आहे, तर तो पुन्हा जेवायला आला तर तुम्ही त्याला आत घ्याल का? सगळ्यांना वाटले त्या हो म्हणतील. त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही तसेच वाटले होते.

"त्या दिवशी त्याला तसं उठवलं, ते चूक होतं," त्या म्हणाल्या. "मी बाहेर असते तर उठवू दिलं नसतं. पण आता घेणार नाही. आणि ते त्याच्या हातावर काय आहे त्यामुळे नाही. माझ्या सासूबाई वर झोपल्या होत्या."

आरोपीने होकारार्थी मान हलवली. त्याने त्यांच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिले.

निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे मी व्यावसायिकांना सुरक्षेविषयी सल्ला देण्याचे काम केले. जिम, बार, रेस्टॉरंटवाले येत आणि हमखास विचारत की अमुक चिन्हवाल्यांना आम्ही नाकारू शकतो का. मी कायदा सांगे: बहुतेक वेळा, हो. त्यांच्या दृष्टीने तिथे विषय संपत असे. मी त्यांना आणखी थोडे थांबवून घेत असे. नाकारायचे असेल तर दारातच सांगा, माणूस बसण्याआधी. हळू बोला. त्याला काय काढून ठेवता येईल आणि काय येणार नाही, हे आधी बघा. नंतर येणाऱ्या पोलिसाला, कोणी धमकी दिली एवढेच सांगू नका. कोण गप्प उठून गेला, तेही सांगा.

काही जण ते लिहून घेत. बहुतेक जण घड्याळाकडे बघत.